बाटलीवर नंबर सात होता

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, "तुमच्या लॅबमधल्या गमतीजमती लिहा. वाचकांना विज्ञान कसं हलकंफुलकं लागतं." बरं, म्हटलं. गमती माझ्याकडं भरपूर आहेत, त्या आधी सांगते. पण शेवटी जे सांगायचंय ते हलकं नाही, आणि ते छापणार नसाल तर गमतीही छापू नका, असं मी त्यांना फोनवरच बजावलं. त्या जरा दचकल्या. मी तुळजापूरच्या शिक्षकाची मुलगी. माझा साधा आवाजही फोनवर भांडल्यासारखा येतो, त्याला इलाज नाही.

धाराशिवहून ढोकीकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये मी चोवीस वर्षं काम केलं. केळीच्या कंदातला बोटाच्या पेराएवढा कोंब काढायचा, धुऊनपुसून निर्जंतुक करायचा आणि काचेच्या बाटलीत लावायचा. त्याला फुटवे आले की कापून वेगळे करायचे, पुन्हा नव्या बाटल्यांत लावायचे. एकाचे चार, चाराचे सोळा. शेवटी मुळं फुटली की रोपं शेडनेटमध्ये आणि तिथून शेतकऱ्याकडं. बाटलीत माती नसते. जेली असते, तीत साखर, क्षार आणि हार्मोन. ती जेली शिजवायची, बाटल्यांत भरायची आणि माणूस मावेल एवढ्या कुकरमध्ये वाफवायची, हे माझं काम. पाटीवर 'मीडिया इन्चार्ज' असं लिहिलेलं होतं. घरी मी सांगायची, मी तिथं स्वयंपाकीण आहे.

एकदा भर उन्हात दोन बायका एसटीतून उतरून आमच्या दाराशी येऊन बसल्या. सासू आणि सून. सासू म्हणाली, "हितं बाटलीत लेकरं करत्यात म्हणं."

"केळीची करतो हो मावशी."

"ते कळलं की. पर ज्या औषधानं केळीला हुत्यात, त्यातलं घोटभर हिला बी द्या."

सून पदर तोंडाला लावून खाली बघत होती. मला वाटलं रडतेय, बघते तर ती हसत होती. मी दोघींना चहा पाजला, मोठ्या दवाखान्यात कुणाला भेटायचं ते समजावलं. सासूला ते फारसं पटलं नाही. जाताना तिनं केळीची दोन रोपं मागून घेतली. "एवढ्या लांब आलो तर रिकाम्या हातानं कशाला जायचं," म्हणाली.

एक निवृत्त हवालदार मिशीसाठी यायचे. तीनदा आले. झाडाला फुटवे येतात तर मिशीला का येऊ नयेत, हा त्यांचा सवाल. तिसऱ्या वेळेला मी म्हटलं, "हवालदारसाहेब, मिशीला फांद्या फुटल्या तर काय कराल?" त्यांनी खरंच विचार केला, मिशीवरून हात फिरवला आणि निघून गेले. पुन्हा आले नाहीत.

आता हार्मोन म्हणजे काय ते साधं सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळायचं नाही. झाडाला मेंदू नाही. मग कुठं वाढायचं, कुठं थांबायचं, पान कधी गाळायचं हे त्याला कळतं कसं? झाड स्वतःच्या अंगात अगदी किंचित रसायनं तयार करतं आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला धाडतं. खतासारखं त्यानं पोट भरत नाही, ते नुसता निरोप पोचवतं. आंब्याच्या आढीत एक पिकलेला आंबा ठेवला की बाकीचे भराभर पिकतात. पिकल्या फळातून इथिलीन नावाचा वायू सुटतो, तो शेजाऱ्याला सांगतो, पिक आता. द्राक्षाच्या बागेत बायका घड कपातल्या पाण्यात बुडवत जातात, ते जिबरेलिनचं पाणी. त्यानं मणी लांबतो, फुगतो. ही सगळी माहिती पुस्तकात मिळते. पण मला आवडलेला खुलासा पुस्तकातला नाही. तो सुशीलानं केला.

सुशीला बेंबळीची. लग्न होऊन गावातच दिलेली, बारावी झालेली. आमच्याकडं कोंब कापायला मुली लागायच्या, त्या मुलाखतीला आली होती. मी सगळ्यांना एक प्रश्न विचारायची: तुरीचा शेंडा का खुडतात? बहुतेक जणी म्हणायच्या, खुडतात म्हणून खुडतात. सुशीला म्हणाली, "शेंडा हाय तवर त्यो खालच्या डोळ्यांस्नी उठूच देत न्हाय, मॅडम. थोरल्या जावंगत. तिला म्हायेरी धाडली की धाकट्या कशा पटापट उठत्यात!"

मी एवढी हसले की साहेब केबिनमधून बाहेर आले. साहेब म्हणजे लॅबचे मालक. मी म्हटलं, "हिला घ्या."

तर, शेंड्यातून खाली उतरून धाकट्या डोळ्यांना दाबून ठेवणारं जे रसायन, ते ऑक्झिन. आणि मुळांकडून वर येऊन 'उठा गं' म्हणणारं, ते सायटोकायनिन. या दोघांच्या ओढाताणीतून झाडाला आकार येतो. बाटलीत आम्ही हीच ओढाताण आपल्या हातानं लावून द्यायचो. सायटोकायनिन वरचढ केलं की फुटवे, ऑक्झिन वरचढ केलं की मुळं. आमचं सायटोकायनिन म्हणजे बीएपी नावाची पांढरी भुकटी. लिटरभर जेलीला ती इतकी कमी लागते की कागदावर ठेवली आणि कुणी शिंकलं तर शोधत बसावं लागेल. म्हणून ती आधी विरघळवून, द्रावण करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि लागेल तेवढी मोजून घालायची. कमी पडली तर कोंब झोपून राहतो. जास्त झाली तर फुटवे भसाभस येतात, पण एकमेकांच्या अंगावर, दाटीनं, आणि त्यातल्या काहींची घडणच बिघडते. वाईट हे की बिघाड बाटलीत नीट दिसत नाही. रोप हिरवं असतं, टवटवीत असतं. शेतात सात-आठ महिने गेल्यावर कळतं.

म्हणून माझ्या मोजमापाला मान होता. "मॅडमचं माप चुकायचं न्हाय," असं मुली म्हणायच्या, साहेब पाहुण्यांना सांगायचे, आणि मी ऐकून न ऐकल्यासारखं करायची. खरं सांगते, मला ते फार आवडायचं. घरी आमटी खारट झाली तरी नवरा म्हणायचा, लॅबमध्ये असं करतेस का? मी म्हणायची, लॅबमध्ये नाही.

सुशीलाचा हात मात्र वेगळाच होता. चिमट्यात कोंब धरायची, पात्याचा एकच घाव, आणि फुटवा अलगद सुटायचा. तिच्या बाटल्यांना बुरशी लागायची नाही. या कामाला हात शांत लागतो, श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. तिला ते शिकवावं लागलं नाही. हातगुण म्हणतात तो हाच. बेंबळीतही तिच्या हातगुणाचं नाव होतं. मिरचीचं रोप टाकायचं असलं की बायका तिला बोलवायच्या, "सुशे, पहिली मूठ तू टाक." सुट्टीच्या दिवशी तिला असली तीन-तीन घरची आमंत्रणं असत. ती लाजून सांगायची, पण सांगायची. लॅबमध्येसुद्धा नवी खेप सुरू करताना पहिली बाटली तिनंच कापावी असा मुलींचा हट्ट असायचा. मी विज्ञानाची पदवीधर, मी नाक मुरडायची. आणि मग मीच म्हणायची, "चल सुशीला, कर सुरू."

आमच्याकडं एक पद्धत होती. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि कापणाऱ्या मुलीचा नंबर लिहायचा. बुरशी लागली, कोंब वाळला, की कुणाच्या हातून झालं ते लगेच कळावं म्हणून. सुशीलाचा नंबर सात. जेली शिजवणारीला नंबर नव्हता. माझं नाव कुठल्याच बाटलीवर नसायचं, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही.

मला लॅबमध्ये सतरा वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. सास्तूरच्या एका बागायतदाराची केळीची मोठी ऑर्डर होती. त्यांना सगळे अप्पा म्हणायचे. कानडी वळणाचं मराठी, बोलणं मोजकं. लागवडीची वेळ ठरलेली आणि आमच्याकडं फुटवे कमी. साहेब दिवसातून चारदा विचारायचे. त्या सकाळी मी जेलीचं मोठं पातेलं चढवलं होतं. साखर घातली, क्षार घातले, बीएपी मोजून घातलं, आणि फोन वाजला. साहेबच. सास्तूरचं कुठवर आलं? मी बोलत बोलत व्हरांड्यात गेले. परत आले तेव्हा पातेल्यासमोर उभी राहून स्वतःलाच विचारलं, बीएपी घातलं का गं? घातलं नसावं.

मुलींना मी शिकवायची, एकेक वस्तू घातली की लगेच वहीत खूण करा. मी स्वतः मात्र सगळं झाल्यावर एकदम खुणा करायची. माझं माप चुकतच नव्हतं ना. मी बीएपी घातलं. आमटीत दोनदा मीठ पडावं तसं.

दुपारी फ्रिज उघडला तेव्हा द्रावणाची बाटली दिसली. एका पातेल्याला जेवढं उतरायला हवं त्याच्या दुप्पट उतरलं होतं. मी बाटली उजेडात धरून दोनदा पाहिली. चुकीला जागाच नव्हती. तोवर जेली भरून, वाफवून, बाटल्या रांगेत निवत होत्या. सगळं ओतून द्यायचं, एवढंच करायचं होतं. पण ओतायचं तर साहेबांना सांगावं लागणार होतं की माझं चुकलं. सतरा वर्षांत हे वाक्य मी त्या इमारतीत कधी उच्चारलं नव्हतं. दुप्पटच तर आहे, मी मनाला सांगितलं, दहापट नाही. वहीत प्रत्येक ओळीपुढं एकेक खूण केली. वही एकदम चोख दिसत होती.

त्या बाटल्या सुशीलाकडं गेल्या, कारण घाईचं काम नेहमी तिच्याकडंच जायचं. महिन्याभरानं त्यांत असे फुटवे आले की बघत राहावं. साहेबांनी पेढे आणले. "मॅडम, या वेळी काय जादू केलीत?" मी हसले. देवा, मी हसले!

दोन दिवसांनी सुशीला एक ट्रे घेऊन माझ्या खोलीत आली. तिनं तीसेक बाटल्या वेगळ्या काढल्या होत्या. मुली फुटव्यांना पोरं म्हणायच्या. ती म्हणाली, "मॅडम, ही पोरं मला बरी दिसत न्हाईत. लई दाटल्यात. पानं बघा, रुंद अन् आखूड. अन् हितं पांढरा पट्टा. ही टाकून द्यावी वाटतं."

तिनं बोट ठेवलं तिथं मी पाहिलं. ती बरोबर होती. मला ते तिच्याआधी दिसलं होतं.

"एवढं काही नाही," मी म्हटलं. "पुढच्या फेऱ्यात सरळ होतील. परत ठेव."

"मॅडम..."

"सुशीला, ऑर्डर तोंडावर आलीय. ठेव परत."

तिनं ठेवल्या. वर साहेबांनी सांगितलं, ह्याच मालाला फुटवा चांगला आहे, ह्याच्यावरच आणखी दोन फेरे घ्या. त्या दाटलेल्या कोंबांपासून आणखी कोंब, त्यांच्यापासून आणखी. सगळ्या बाटल्यांवर नंबर सात. त्यातून मुळं धरलेली रोपं वेळेत सास्तूरला पोचली, आणि अप्पांनी फोन करून साहेबांना शाबासकी दिली.

दहा महिन्यांनी अप्पा स्वतः आले. जीपमधून केळीचं आख्खं पान आणलं होतं. ते त्यांनी व्हरांड्यातल्या टेबलावर पसरलं. रुंद, आखूड, पांढरे पट्टे. बागेत दर दोन-तीन झाडांमागं एक झाड कमरेएवढंच राहिलेलं. काहींचे घड बाहेर निघालेच नाहीत, गळ्यातच अडकून बसले. अप्पा ओरडले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मेली असती तर उपटून टाकली असती. ही मरत न्हाईत आणि वाढत बी न्हाईत. रोज त्यांच्यात फिरायचं म्हंजे काय, तुम्हीच सांगा." मी त्यांना पाणी आणून दिलं. त्यांनी ते घेतलं नाही.

साहेबांनी त्या खेपेच्या शिल्लक बाटल्या बाहेर काढायला लावल्या. नंबर सात, नंबर सात, नंबर सात. माझी वही तपासली, वही चोख. मग सगळ्या मुलींना व्हरांड्यात उभं केलं. अप्पाही तिथंच होते. साहेब म्हणाले, "जास्त फुटवे दाखवायच्या नादात वाकडेतिकडे कोंब घेतले हिनं. वेगळे काढायची अक्कल नाही."

सुशीलाचा चेहरा उतरला. तिनं आधी अप्पांकडं पाहिलं, मग साहेबांकडं. "साहेब, म्या काढलं हुतं येगळं. मॅडमला दावलं बी हुतं. मॅडमनी परत ठिवायला सांगितलं."

साहेब माझ्याकडं वळले. "दाखवलं होतं का हो?"

एवढा एकच प्रश्न. बीएपीबद्दल मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुढचं सगळं आपोआप बाहेर आलं असतं, आणि म्हणूनच ते तोंडातून निघालं नाही. मी म्हटलं, "मुली दिवसभर काही ना काही दाखवत असतात. मला असं काही आठवत नाही."

साहेबांनी सुशीलाला तिथल्या तिथं कामावरून काढलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं अॅप्रन काढला, घडी घालून, खिळ्याला न लावता टेबलावर ठेवला आणि चपला हातात घेऊनच पायऱ्या उतरली. आमच्याकडं आत येताना तीनदा चपला बदलाव्या लागायच्या. बाहेर जाताना कुठल्या पायरीवर काय घालायचं हे त्या दिवशी तिला सुचलं नसावं.

अप्पांना साहेबांनी पुढच्या हंगामाला नवी रोपं दिली. अप्पा म्हणाले, "द्या. पण त्या सात नंबरच्या हातची नकोत." अप्पांची बहीण बेंबळीत दिलेली. झालं, बोलायला किती वेळ लागतो? सुशीच्या हातानं सास्तूरची केळी खुजी झाली. मग सुशीच्या हातालाच काहीतरी झालंय. मग पेरणीला ती नको. ही सगळी बातमी मला मंगल सांगायची. मंगलही बेंबळीची, आमच्याकडंच कापायला होती. मी ऐकायची आणि म्हणायची, लोक काय, दोन वर्षांत विसरतील.

स्वतःला सांगायला माझ्याकडं विज्ञान होतं. हे फार सोयीचं असतं. केळीत असा बिघाड कशानंही होतो. फेरे जास्त झाले तरी होतो, मूळ कंदातच दोष असला तरी होतो. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही, असं कुठल्याही तज्ज्ञानं सांगितलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. पुढची सगळी वर्षं मी हे वाक्य उशाला घेऊन झोपले आणि निवृत्त झाले. निरोपसमारंभात साहेब म्हणाले, मॅडमचं माप कधी चुकलं नाही. टाळ्या वाजल्या. घरी येऊन मी हार-तुरे तसेच कोपऱ्यात टाकले.

गेल्या नवरात्रात मंगलनं घट बसवायला बोलावलं म्हणून बेंबळीला गेले. तिच्या घरी अशी पद्धत आहे की परडीत काळी माती भरायची आणि आलेल्या प्रत्येक सवाष्णीनं चिमूटभर गहू पेरायचे. आठ-दहा जणी होत्या. सुशीलाही होती, दाराजवळ. मला बघून तिनं "कसं हाय मॅडम" एवढंच म्हटलं. केस बरेच पांढरे झाले होते. परडी हातोहात फिरत तिच्यापर्यंत आली. तिनं परडीला हात जोडले आणि ती तशीच पुढच्या बाईकडं सरकवली. गव्हाच्या वाटीला तिनं बोट लावलं नाही. आणि कुणी "अगं, घाल की" असंही म्हटलं नाही. बोलणं चालूच होतं. सगळ्यांना ते इतकं अंगवळणी पडलं होतं.

मी मंगलला आत गाठलं. "हे काय?"

"आता न्हेमीचंच हाय, मॅडम. ती सोताच्या घरचा घट बी पेरत न्हाय. जावंकडनं पेरून घेती. परसातली मिरची बी जाऊच लावती."

"लोक म्हणतात म्हणून?"

"लोक म्हणायचं थांबलं की कवाच. तीच न्हाय म्हणती."

मला तिथं जेवण गेलं नाही. सुशीला उठली तशी मी तिच्या मागोमाग तिच्या घरी गेले. तिला वाटलं सहज आले. तिनं चहा टाकला. मी म्हटलं, चहा राहू दे, खाली बस. आणि सगळं सांगितलं. फोन, पातेलं, दोनदा घातलेलं बीएपी, फ्रिजमधली बाटली, वहीतल्या खुणा. ती ऐकत होती. चहा उतू गेला तेव्हा उठून तिनं गॅस बंद केला आणि परत येऊन बसली.

मला वाटत होतं, तिला हे निम्मंअर्धं माहीत असणार. तिला काहीच माहीत नव्हतं.

"म्हंजे अप्पांची केळी... माझ्यामुळं न्हाय?"

"नाही."

"एक बी झाड?"

"एकही नाही, सुशीला."

ती आपल्या हातांकडं बघत बसली. मग म्हणाली, "आय जाताना इचारत हुती. सुशे, खरंच तुज्या हातानं झालं का गं? म्या म्हणलं, आये, मला ठावं न्हाय. मला खरंच ठावं नव्हतं, मॅडम. म्या तर पात्यानं निस्तं कापलं हुतं, रोजच्यावानी. पर समदी म्हणत्यात तर झालंच आसंल की. रातध्याड तेच. कोंब धरताना काय चुकलं, काय चुकलं."

मला रडू आलं. तिला नाही आलं.

"त्या दिशी साहेबांनी इचारलं तवा तुमी 'व्हय' म्हणला असता तर?"

"म्हणायला हवं होतं."

"भ्या वाटलं?"

"भीती नाही. लाज वाटली. माझं माप चुकलं हे सांगायची लाज."

"लाज मला बी वाटली की," ती म्हणाली. "नऊ वर्सं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं धरू दिला नाही. मी म्हटलं, "माफ कर म्हणायला तोंड नाही मला, तरी म्हणते."

"माफीचं मागनं बघू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "हितं चुलीम्होरं मला एकटीला सांगून काय उपेग? मला काढलं तवा समद्यांच्या म्होरं काढलं. तुमी अंकात लिवता म्हणं. हे लिवा. माजं नाव घाला, आख्खं घाला, गावाचं बी घाला. म्या एकेकीला वाचून दावीन."

"लिहिते. आणि मग पेरशील?"

"आदी छापून तर येऊ द्या," ती म्हणाली आणि उठून दार उघडलं. मला जायला सांगत होती.

छापून आलंय. सुशीला भानुदास वाघमोडे, राहणार बेंबळी, हिच्या हातून आमच्या लॅबमध्ये एकही रोप बिघडलं नाही. जेलीत हार्मोन दोनदा मी घातलं. ते मला त्याच दिवशी कळलं होतं. तिनं खराब कोंब वेगळे काढून मला दाखवले होते, ते मी परत ठेवायला लावले, आणि विचारलं तेव्हा सगळ्यांसमोर खोटं बोलले.

बेंबळीच्या बायांनो, मिरचीचं रोप टाकायचं असेल तेव्हा पहिल्या मुठीसाठी तिला बोलवा. ती नाही म्हणेल. पुन्हा बोलवा.